अप्रेंटिस पोरांना वेब डेव्हलपमेंट शिकवताय का कुणी? प्रोजेक्ट नेमका कसला द्यायचा?

कृष्णाकाठ_वेब

नमस्कार मंडळी. सांगलीत आमची २२ जणांची कंपनी आहे, निम्मं काम प्रिंटिंग-डिझाइनचं आणि वेबसाइटच्या बाजूला आम्ही सहा जण. यंदा जुलैपासून तीन अप्रेंटिस घेतलेत, दोघं कॉम्प्युटर डिप्लोमा झालेले नॅट्सवरून आणि एक मुलगी आयटीआयला कोपा ट्रेड (कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स) केलेली नॅप्सवरून, दोन्ही केंद्र सरकारच्या अप्रेंटिसच्या योजना. पोरं चांगली आहेत, वेळेवर येतात, सांगितलेलं करतात, तक्रार कशाचीच नाही.

अडचण अशी आहे की सुरुवातीला मी त्यांना नेहमीचे प्रोजेक्ट दिले, कॅल्क्युलेटर, टू-डू लिस्ट, हवामान दाखवणारं पान, लॉगिन पेज वगैरे. तिघांनीही आठवड्यात करून दाखवलं. मग एकदा निवांत बसून तिघांचा कोड शेजारी शेजारी उघडून बघितला तर व्हेरिएबलची नावंसुद्धा सारखी, म्हणजे तिघांनी एकच व्हिडिओ लावून थांबवत थांबवत टाइप केलेलं. मी रागावलो नाही कारण मीपण तसाच शिकलो, पण त्यातल्याच एकाला गिऱ्हाइकाच्या साइटवरच्या संपर्क फॉर्ममध्ये फक्त एक गावाचं नाव निवडायचा रकाना वाढवायला दिला आणि तो दोन दिवस स्क्रीनकडे बघत बसला, विचारलंपण नाही कुणाला, तिसऱ्या दिवशी मीच जाऊन विचारलं तेव्हा डोळ्यात पाणी.

ते बघून मला फार वाईट वाटलं. वर्षभर आपल्याकडे राहून हे पोर फक्त वर्डप्रेसमध्ये फोटो चढवायला शिकून बाहेर पडलं तर ते आमचं अपयश. पार्टनर म्हणतो त्यांना सरळ क्लायंटच्या कामात टाक, आपोआप शिकतील. मला तेपण पटत नाही, डेडलाइनच्या कामात नवीन पोरगं चिरडून निघतं. तर ज्यांनी अशा पोरांना खरंच उभं केलंय किंवा जे स्वतः असे शिकलेत त्यांनी सांगा, प्रोजेक्ट कसला द्यायचा आणि आपण किती हात घालायचा.

रात्रपाळी

दादा, मी पुण्यात १४ वर्षं हेच काम करतोय आणि दरवर्षी दोन-तीन नवीन मुलं माझ्या हाताखाली येतात. टू-डू लिस्टमध्ये कोड सोपा असतो हा प्रश्नच नाही, प्रश्न हा आहे की ती लिस्ट कुणालाच नको असते. ती बंद पडली तर कुणाचा फोन येत नाही. मुलाला ते कळतं आणि तो फक्त तुम्हाला दाखवण्यापुरतं करतो.

माझी पद्धत सांगतो. मुलाला म्हणायचं, तुझ्या घराजवळ किंवा गावात असं एक काम शोध ज्याची वही रोज कुणीतरी हातानं लिहितंय. दूध संकलन केंद्र, गिरणी, पिठाच्या चक्कीची उधारी, सोसायटीचा पाण्याच्या टँकरचा हिशोब, भिशी, काहीही. मग पहिले दोन दिवस लॅपटॉप उघडायचाच नाही. त्या वहीशेजारी जाऊन बसायचं, लिहिणारा माणूस काय आधी लिहितो, कुठं खाडाखोड करतो, कुठला रकाना रिकामा सोडतो ते बघायचं आणि परवानगी घेऊन एका पानाचा फोटो आणायचा. डेटाबेसची टेबलं तिथंच तयार असतात, आपण फक्त ओळखायची. कॉलेजात नॉर्मलायझेशन, म्हणजे एक माहिती एकाच जागी ठेवायचे नियम, पाठ केलेल्या मुलाला वहीत एकच नाव तीन प्रकारे लिहिलेलं दिसलं की गिऱ्हाइकाला वेगळा नंबर का द्यायचा ते तिथल्या तिथं कळतं.

आणि एक गोष्ट मी अजिबात सोडत नाही, पहिल्याच आठवड्यात लिंक पाहिजे. पानावर नुसतं दुकानाचं नाव आणि वेळ असली तरी चालेल, पण गिटहब पेजेसवर, म्हणजे साधी पानं ठेवायच्या फुकट जागेवर, चढवायचं आणि त्या माणसाच्या मोबाइलवर उघडून दाखवायचं. लोकलहोस्टवर, म्हणजे फक्त स्वतःच्याच कॉम्प्युटरवर साइट चालवत, सहा महिने काढलेली मुलं मी बघितलीत, त्यांना डोमेन, होस्टिंग, एचटीटीपीएस, कॅशे (ब्राउझरनं साठवून ठेवलेली जुनी प्रत) यातलं काही म्हणजे काही माहीत नसतं, आणि आपलं निम्मं आयुष्य तर त्याच भानगडीत जातं.

कोपावाली

सर, मी स्वतः आयटीआयला कोपा केलेली आहे, एक वर्षाचा ट्रेड, त्यात एचटीएमएल, जावास्क्रिप्टची तोंडओळख होते पण टाइपिंग, एक्सेल, टॅली सगळंच असल्यामुळं वेबला वेळ कमीच मिळतो. तुमच्याकडच्या मुलीला हे मनात ठेवून वागवा ही विनंती. ती डिप्लोमावाल्यांपेक्षा मागं आहे असं तिला रोज वाटत असणार, मला वाटायचं.

माझी अप्रेंटिसशिप एका छोट्या कंपनीत झाली, नाव घेत नाही. पहिले चार महिने मी फक्त एका दुकानाच्या साइटवर वस्तूंचे फोटो चढवले. खरंच फक्त तेवढंच. मग तिथं एक सीनियर ताई नवीन आल्या, त्यांनी मला विचारलं तुझ्या गावात काय आहे, मी म्हटलं वाचनालय आहे, ड वर्गाचं, संध्याकाळी ५ ते ८ उघडं असतं. त्या म्हणाल्या मग त्याची पुस्तकं शोधायचं पान कर.

मला वाटलं आठवड्याचं काम आहे, तीन महिने लागले आणि मी जे काही आज कमावून खाते ते त्या तीन महिन्यांतलं आहे.

साडेचार हजार पुस्तकांची यादी वर्ड फाइलमध्ये होती, श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. ती कॉपी करून पानावर टाकली तर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. तेव्हा पहिल्यांदा कळलं की युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच ठरलेला नंबर, आणि जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर म्हणजे फक्त इंग्रजी अक्षराच्या जागी काढलेलं चित्र असतं. कन्व्हर्टरनं बदलून घेतलं तरी रफार आणि जोडाक्षरं इकडची तिकडं झालेली, ती हातानं दुरुस्त केली. मग डेटाबेसमध्ये टाकलं तर सगळीकडं प्रश्नचिन्हं, कारण टेबल लॅटिन१ मध्ये होतं, त्यात मराठी अक्षरं बसतच नाहीत. ताईंनी उत्तर सांगितलं नाही, एवढंच म्हणाल्या की अक्षर ब्राउझरपासून डेटाबेसपर्यंत कुठून कुठून जातं ते कागदावर काढ आणि प्रत्येक ठिकाणी तपास. पूर्ण दिवस गेला पण सापडलं, टेबल यूटीएफ८एमबी४ केलं, म्हणजे युनिकोडची सगळी अक्षरं मावतील असं, कनेक्शनलापण तेच सांगावं लागलं.

सगळ्यात जास्त छळलं ते "ऱ्या" नं. ग्रंथपाल काकांनी "किनाऱ्यावर" टाइप केलं आणि काही आलंच नाही, पुस्तक तर कपाटात समोर दिसतंय. दोन दिवस शोधल्यावर लक्षात आलं की हे अक्षर डोळ्याला एकच दिसतं पण आत तीन प्रकारांनी लिहिलेलं असू शकतं. कुणी थेट ऱ वापरतो, कुणाच्या कीबोर्डवर साधा र आणि खाली नुक्ता येतो, आणि कुणी र, हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर टाकतो. पहिले दोन जावास्क्रिप्टच्या नॉर्मलाइझ या तयार फंक्शननं एकसारखे होतात, तिसरा होत नाही, तो मी आधी बदलून घेतला. आणि हे शोधायच्या शब्दालाही करायचं आणि साठवलेल्या शब्दालाही, एकालाच करून चालत नाही. यादी लावतानाही तसंच, साध्या सॉर्टमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, वाचनालयाच्या कार्डात तो ह च्या नंतर, मग कोलेटरला, म्हणजे भाषेप्रमाणे क्रम लावणाऱ्या सोयीला, मराठी भाषा सांगितल्यावर क्रम बरोबर आला. काकांनी सभासद नंबर "४७" असा मराठी आकड्यात टाकला तेव्हा माझी तपासणी म्हणाली हा आकडाच नाही, कारण जावास्क्रिप्टच्या रेगेक्समध्ये (मजकूर तपासायच्या नमुन्यात) आकडा म्हणजे फक्त 0 ते 9. हे मला कुठल्याच कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं, काकांनी शिकवलं, त्यांना स्वतःला माहीत नसताना.

आणि चूक पण सांगते. एका संध्याकाळी एका सभासदाची नोंद काढायची होती, मी डिलीटची क्वेरी चालवली आणि व्हेअर, म्हणजे नेमकी कुठली ओळ काढायची ती अट, लिहायचं राहिलं. देवघेवीचं सगळं टेबल रिकामं. मला वाटलं आता घरी पाठवतील. ताई ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की काकांना फोन तू करायचा. तो फोन मी कधीच विसरणार नाही. तीन दिवसांपूर्वीचा एक्सपोर्ट होता तो परत चढवला, आणि मधल्या तीन दिवसांच्या नोंदी वाचनालयात बसून कागदी रजिस्टरवरून पुन्हा भरल्या, काका वाचून दाखवत होते आणि मी टाइप करत होते. तेव्हापासून आधी सिलेक्ट चालवून किती ओळी येतात ते बघितल्याशिवाय मी डिलीट चालवत नाही आणि बॅकअप घेतल्याशिवाय लाइव्ह डेटाला हात लावत नाही.

म्हणून सर, प्रोजेक्ट लहान असू दे पण चूक झाल्यावर ज्याला फोन करावा लागेल असा एक माणूस त्या टोकाला असू दे. आणि फोन पोरांनाच करू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा.

लालपरी_डेव्ह

वरच्या ताईंचं वाचून खरंच भरून आलं. पण मी रात्रपाळी दादांपेक्षा थोडं वेगळं मत मांडतो. नवीन प्रोजेक्ट शून्यातून करणं चांगलंच, पण नोकरीत शून्यातून काही कधी मिळत नाही. मिळतो तो दुसऱ्या कुणीतरी पाच वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला कोड, आणि तो माणूस सोडून गेलेला असतो. कृष्णाकाठ दादांचा मुलगा ज्या फॉर्मपाशी अडकला ते हेच आहे. त्याला रकाना काढता येत नाही असं नाही, त्याला त्या तीस फायलींमधून कुठल्या फायलीत जायचं तेच कळलं नाही आणि विचारायची लाज वाटली.

मी रत्नागिरीला पॉलिटेक्निकच्या मुलांना सुट्टीत शिकवतो. आम्ही एक खेळ करतो, चालू असलेली साइट घ्यायची, तिच्यात मी मुद्दाम चार ठिकाणी बिघाड करतो, आणि मुलांनी दुरुस्त करायची. कुठं इमेजचा पाथ चुकीचा, कुठं फॉर्म पाठवायची पद्धत पोस्टऐवजी गेट, कुठं सर्व्हरवर ५०० एरर. अट एकच, एफ१२ दाबून ब्राउझरचा नेटवर्क टॅब (पानानं काय काय मागवलं आणि काय उत्तर आलं ते दाखवणारा) उघडल्याशिवाय कोडला हात लावायचा नाही. ४०४ आणि ५०० यातला फरक ज्याला कळला त्याला निम्मं कळलं, पहिल्यात आपण चुकीच्या दारावर गेलोय, दुसऱ्यात दार बरोबर आहे पण आत काहीतरी पडलंय. एरर मोठ्यानं वाचायला लावतो, सगळ्यांसमोर, इंग्रजी अडखळलं तरी चालेल. बहुतेक मुलं एरर वाचतच नाहीत, लाल रंग दिसला की घाबरून बंद करतात.

दुसरं म्हणजे विचारायची पद्धत शिकवावी लागते, ती आपोआप येत नाही. आमच्याकडं अर्ध्या तासाचा नियम आहे. अर्धा तास स्वतः झुंजायचं, त्याच्या पुढं गप्प बसायला बंदी. आणि विचारताना तीन गोष्टी लिहून आणायच्या, मला काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, मी काय काय करून बघितलं. लिहिता लिहिताच निम्म्यांना उत्तर सापडतं.

एआयचं कुणी विचारलं नाही पण सांगतो, कारण तुमच्या तिघांच्या सारख्या कोडमागं उद्या व्हिडिओऐवजी तेच असणार. बंदी घालून उपयोग नाही, घरी जाऊन करतातच. मी म्हणतो वापरा, पण जी ओळ तुला समजावून सांगता येत नाही ती तुझ्या ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या तुझ्या प्रतीत, राहणार नाही. पुल रिक्वेस्ट (माझा कोड मुख्य कोडमध्ये घ्या ही विनंती) आली की मी त्यातल्या दोन ओळींवर बोट ठेवतो आणि ही काढली तर काय होईल एवढंच विचारतो. ज्यानं विचार करून लिहिलंय तो सांगतो, नाहीतर परत बसतो. वेळ लागतो, एका मुलामागं आठवड्याला दोन-तीन तास सहज जातात, ते तास द्यायची तयारी नसेल तर अप्रेंटिस घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

हिशोबाचा_माणूस

मी कोड लिहीत नाही, कंपन्यांच्या एचआरच्या कागदपत्रांचं काम करतो, तरी या विषयावर बोलावंसं वाटतं कारण या क्षेत्रात मुलांची फसवणूक होताना फार बघतो. सर्टिफिकेट देतो म्हणून मुलांकडूनच पैसे घेणारी "इंटर्नशिप", तीन महिने फुकट लोगो आणि बॅनर करून घेणारी "ट्रेनिंग". कृष्णाकाठ साहेबांनी रीतसर पोर्टलवरून घेतलेत हे बघून बरं वाटलं.

वाचणाऱ्या मुलांसाठी लिहितो. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे आणि आयटीची कामंसुद्धा त्याखाली येतात. करार रजिस्टर झालाच पाहिजे. २०१९ च्या नियमांनी किमान स्टायपेंड आयटीआय सर्टिफिकेटवाल्याला ७,०००, डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये महिना ठरवला. नॅट्समध्ये किमान रकमेचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं, नॅप्समध्ये २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये. ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक, ४ ते २९ पर्यंत ऐच्छिक. म्हणजे साहेबांनी स्वतःहून घेतलेत. महाराष्ट्र सरकारची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी आहे, तिचं विद्यावेतन वेगळं आणि कागद वेगळे, दोन्हींची गल्लत करू नका.

आणि पार्टनरना माझा निरोप द्या. कायद्यानं अप्रेंटिस हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. त्याच्या जिवावर क्लायंटची तारीख देणं हे चूकच. क्लायंटचं काम त्यानं करावं जरूर, पण ते काम वेळेत झालं नाही तर उत्तर देणारा माणूस तुमचा कायमचा असला पाहिजे.

कृष्णाकाठ_वेब

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच उत्तर दिलं नाही कारण आधी करून बघायचं होतं. सात आठवडे झाले, जे झालं ते सांगतो.

जो मुलगा फॉर्मपाशी अडकला होता त्याच्या घरी दोन म्हशी आणि एक गाय आहे, आई रोज सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध घालते. त्यानं स्वतःच दूध संकलन केंद्र निवडलं. त्यांचं केंद्र लहान आहे, पावत्या हातानंच लिहितात. दोन दिवस पहाटे ६ ला जाऊन तिथं बसला. मी त्याच्याबरोबर एक दिवस गेलो. खरं सांगतो, ऑफिसात मान खाली घालून बसणारं हे पोरगं तिथं मला शिकवत होतं, फॅट म्हणजे काय, एसएनएफ म्हणजे काय (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दर कसा खाली-वर होतो, पेंडीची उचल बिलातून कशी कापतात. मी नऊ वर्षं वेबसाइट करतोय पण एवढ्या विश्वासानं कुणी मला त्याचं काम समजावून सांगितलेलं आठवत नाही.

पहिला धक्का बसला तो बिलाच्या तारखांना. बिल दर दहा दिवसांनी होतं, त्यानं सुरुवातीच्या तारखेत दहा मिळवले आणि झालं म्हणाला. कोपावालीच्या त्या सीनियर ताईंच्या पद्धतीनं मी उत्तर सांगितलं नाही, फक्त म्हटलं तुझ्या आईच्या मागच्या वर्षभराच्या पावत्या आण आणि प्रत्येक बिलाचे दिवस मोज. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, सर, १ ते १० आणि ११ ते २० ठीक आहे पण तिसरं बिल महिना संपेपर्यंत असतं, कधी दहा दिवस, कधी अकरा, आणि फेब्रुवारीत आठ. त्यानं ते परत लिहिलं आणि स्वतःहून लीप वर्ष पण तपासलं.

मग हिशोबात फरक यायला लागला, केंद्रावरच्या सचिवांच्या कॅल्क्युलेटरपेक्षा पाच-दहा पैसे इकडं-तिकडं. तिथं मी त्याला ब्राउझरच्या कन्सोलवर ०.१ आणि ०.२ ची बेरीज करायला लावली, ती बरोबर ०.३ येत नाही, शेवटी बारीकसा फरक राहतो. उत्तर बघून बराच वेळ गप्प होता. आता सगळे पैसे पैशांतच पूर्णांकात ठेवतो आणि दाखवताना रुपये करतो, आणि कुठल्या पायरीला राउंड करायचं ते सचिवांना विचारून ठरवलं, कारण तेही एक ठरलेलं होतं, फक्त कुठं लिहिलेलं नव्हतं.

मुलीनं शाळेचं काम घेतलं. तिच्या जुन्या शाळेच्या फोटोंचं पान इतकं जड झालं की गावातल्या नेटवर उघडेना, मोबाइलचे चार-चार एमबीचे फोटो तसेच चढवलेले. ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये नेटचा वेग मुद्दाम ३जीइतका कमी करून ती स्वतः तिच्याच पानापुढं बसून राहिली. मग फोटो लहान केले, वेबपी या हलक्या प्रकारात केले, खालचे फोटो खाली गेल्यावरच यावेत असं केलं. आणि हे पुढं त्या दोघा डिप्लोमावाल्यांना तिनं शिकवलं. कोपावाली ताई, तुमचा तो परिच्छेद मी तिला वाचून दाखवला होता, ती काही बोलली नाही पण दुसऱ्या दिवशी अर्धा तास लवकर आली.

तिसऱ्याचं अजून नीट बसलेलं नाही. त्यानं गिरणीची उधारी घेतली होती, गिरणीवाल्या काकांना वहीच बरी वाटते, त्यांनी दोनदा उघडून बघितलं आणि सोडून दिलं. मुलगा हिरमुसलाय. मी त्याला म्हटलं त्यांना ते का नको वाटलं ते विचारून ये, गेला नाही अजून. त्याला या आठवड्यात बरोबर घेऊन जाईन म्हणतो. की दुसरं काम शोधायला सांगू? रात्रपाळी दादा, तुमच्याकडं असं झालं तेव्हा काय केलंत?

रात्रपाळी

बरोबर घेऊन जा, पण तिथं तुम्ही बोलू नका. माझ्याकडच्या एका मुलीचं असंच झालं होतं, किराणा दुकानाची उधारी. कारण निघालं ते साधं होतं, दुकानदाराचे हात सतत पिठा-तेलाचे, मोबाइलला हात लावायचा म्हणजे आधी हात धुवायचे. मग तिनं दिवसभर वहीत लिहायचं तसंच ठेवलं आणि रात्री दुकान बंद करताना एकदाच भरायचं पान केलं, मोठी बटणं, नाव टाइप न करता यादीतून निवडायचं. ते चाललं. गिरणीत तर पीठ आणखीनच. तुमच्या काकांचं कारण वेगळं असेल, पण त्या मुलाला दुपारी गर्दीच्या वेळी तिथं एक तास उभं राहू दे, म्हणजे त्याला दिसेल.

आणि दूधवाल्या मुलाला सांगा की हे सगळं रीडमीमध्ये, म्हणजे कोडबरोबरच्या माहितीच्या फायलीत, मराठीत लिहून ठेव, तिसऱ्या बिलाचे दिवस, राउंडिंगची पायरी, सगळं. पुढच्या जुलैत नवीन अप्रेंटिस येईल तेव्हा त्याला पहिलं काम हेच द्या, ह्याच्या कोडमध्ये एक रकाना वाढवायचं. आणि शेजारी बसायला हाच.